प्रकल्प नोंदी: प्लुटोम्युरस ऑर्टोबालागानेन्सिसचं पान

३ फेब्रुवारी

गुहेतल्या संधिपाद प्राण्यांच्या मालिकेतलं पुढचं पान माझ्या वाट्याला आलंय: प्लुटोम्युरस ऑर्टोबालागानेन्सिस, एक स्प्रिंगटेल, म्हणजे पोटाखालच्या काट्याने उडी मारणाऱ्या सहा पायांच्या चिमुकल्या प्राण्यांपैकी एक. पश्चिम कॉकेशसमध्ये, अबखाझियातल्या अराबिका डोंगरात क्रुबेरा-व्होरोन्या नावाची गुहा आहे. तिच्या तोंडापासून १,९८० मीटर खाली हा जीव सापडला. पंख नाहीत, डोळे नाहीत, लांबी काही मिलिमीटर.

पानाचा साचा नेहमीचाच. वर्गीकरण, ओळख, आढळ, अधिवास, एक नकाशा, एक रेखाचित्र. एरवी आढळाचा रकाना मी हातासरशी भरून टाकते. या पानाचं घोडं नेमकं तिथेच अडणार, हे पहिल्या वाचनातच दिसतंय.

पक्कं आहे तेवढं आधी टिपून ठेवते. नमुने २०१० च्या उन्हाळ्यातले. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन मंडळींच्या 'केव्हेक्स' मोहिमेत गोळा झालेले. गुहेतल्या जीवांच्या अभ्यासाची बाजू आल्बेर्तो सेंद्रा आणि सोफिया रेबोलेइरा यांनी सांभाळली. जातीला नाव दिलं राफाएल जोर्दाना आणि एन्रिके बाकेरो यांनी, २०१२ मध्ये. दोघेही स्पेनमधल्या नावारा विद्यापीठाचे. त्याच लेखात त्याच गुहेतल्या आणखी तीन नव्या स्प्रिंगटेलचं वर्णन आहे: अनुरिडा स्टेरिओओडोराटा, ड्यूटेराफोरुरा क्रुबेराएन्सिस आणि शेफेरिया प्रोफुंडिसिमा. ऑर्टोबालागान हे गुहेचं तोंड ज्या दरीत आहे त्या दरीचं नाव, जातीला ते तिथून मिळालं.

बाकीच्या तीन जातींची पानंही मलाच करायची आहेत. म्हणजे आत्ता जो नकाशा ठरेल तो चारही ठिकाणी वापरता आला पाहिजे.

४ फेब्रुवारी

वर्गीकरणाची शिडी. २०१२ च्या बातम्यांत या जीवाला सरसकट 'कीटक' म्हटलं गेलं. आपल्या पानावर तसं जाणार नाही. स्प्रिंगटेलना पाय सहाच, पण कीटकांशी साम्य तिथपर्यंतच. तोंडाचे अवयव डोक्याच्या आत, खोबणीत दडलेले. पोटाचे खंड फक्त सहा. वयात आल्यावरही कात टाकणं थांबत नाही. आणि पोटाच्या पहिल्या खंडाखाली ती विचित्र नळी, जी पाणी शोषायला, अंगातल्या क्षारांचं प्रमाण राखायला आणि चिकटून राहायलाही कामी येते. कोलेम्बोला हे नाव जॉन लबक यांनी १८७० च्या सुमारास दिलं ते या चिकटणाऱ्या नळीवरूनच.

आज बहुतेक तज्ज्ञ कोलेम्बोला हा स्वतंत्र वर्ग धरतात, काही याद्यांत तो उपवर्ग आहे. वरच्या पातळीवर वाद घालत बसायचं नाही असं आमचं आधीच ठरलंय, त्यामुळे पानावर असं जाईल: संघ आर्थ्रोपोडा, उपसंघ हेक्झापोडा, वर्ग कोलेम्बोला, गण एन्टोमोब्रायोमॉर्फा, अधिकुल टोमोसेरॉइडिया, कुल टोमोसेरिडी, प्रजाती प्लुटोम्युरस, जाती प्लुटोम्युरस ऑर्टोबालागानेन्सिस जोर्दाना आणि बाकेरो, २०१२.

वयाचा अंदाज यावा म्हणून एकच ओळ घालते: स्कॉटलंडमधल्या रायनी इथल्या खडकात रायनिएला प्रिकर्सर ही स्प्रिंगटेल सापडली आहे, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीची. जमिनीवरच्या सहा पायांच्या प्राण्यांचे जे सगळ्यांत जुने जीवाश्म आहेत त्यांत तिची गणना होते. तेव्हापासून हा गट मातीत आहे. वर्णन झालेल्या जाती आज ९,००० च्या वर.

७ फेब्रुवारी

ओळखीच्या रकान्यासाठी कुलाची लक्षणं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. ऑर्टोबालागानेन्सिसचा नमुना हाताशी असण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच कुलातल्या टोमोसेरस मायनरची एक जुनी स्लाइड मिळाली, होयरच्या माध्यमात (नमुना स्लाइडवर पक्का बसवायचा द्रव) बसवलेली. कडांना माध्यम थोडं सुकून तडकलंय, पण प्राणी शाबूत आहे.

कमी वर्धनावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा. स्प्रिंगटेलच्या शृंगिकेला खंड चारच. टोमोसेरिडीत तिसरा खंड बेसुमार लांब, त्यावर बारीक बारीक वळी, आणि चौथा त्याच्या टोकाला आखूडसा. एन्टोमोब्रायिडी कुलात असं नसतं, तिथे चौथा खंड लांब असतो. एवढ्या एका खुणेवर या कुलाचा प्राणी नुसत्या भिंगाखालीही ओळखता येतो.

वर्धन वाढवून शेपटीकडे. चौथ्या खंडावरून निघणारा फर्का, म्हणजे उडीचा दुहेरी काटा, पोटाखाली दुमडलेला असतो आणि तिसऱ्या खंडावरच्या छोट्या आकड्यात अडकवून ठेवलेला असतो. आकडा सुटला की काटा जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत. टोमोसेरिडीत या काट्याच्या मधल्या भागाच्या आतल्या अंगाला जाड, तपकिरी काट्यांची रांग असते. मायनरच्या स्लाइडवर त्यातला प्रत्येक काटा एकटा नाही, त्याला बाजूला आणखी दोन टोकं आहेत. जवळच्याच टोमोसेरस व्हल्गारिसमध्ये हे काटे साधे असतात. दोन जाती वेगळ्या करायला एवढं पुरतं. काट्याचं शेवटचं टोकही या कुलात लांबट, त्यावर बरेच दात आणि केसही.

खवले मात्र जवळजवळ सगळे गळून गेलेत. टोमोसेरिडीचे खवले अल्कोहोलमध्ये नमुना हलवला तरी सुटतात. कव्हरस्लिपच्या कोपऱ्यात दोन-तीन तरंगताना दिसले, अंगावर उभ्या बारीक रेघा असलेले. स्प्रिंगटेलच्या खवल्यांना मायक्रोस्कोपच्या इतिहासातही जागा आहे. एकोणिसाव्या शतकात भिंगाचा दर्जा तपासायला लेपिडोसिर्टस या प्रजातीचा खवला स्लाइडवर ठेवून त्यावरच्या खुणा स्पष्ट दिसतात का ते पाहत असत. या पानाशी त्याचा संबंध नाही, पण इथे टिपून ठेवलं तर कुठेतरी उपयोगी पडेल.

८ फेब्रुवारी

रेखाचित्र काढणाऱ्या मैत्रिणीला कालच्या स्लाइडचे फोटो पाठवले. तिचा प्रश्न: "डोळे काढूच नकोत ना?" नाही, काढायचे नाहीत. स्प्रिंगटेलला डोक्याच्या प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त आठ साधे डोळे असतात. टोमोसेरसला सहा-सहा. या जातीला एकही नाही. अंगावर करडी-काळपट छटा ठेव म्हटलं, गुहेतला म्हणून पांढराफटक करून टाकू नकोस.

११ फेब्रुवारी

प्रजातीचा आढळ. इथून गंमत सुरू होते.

प्लुटोम्युरस ही प्रजाती जपानी अभ्यासक र्योझो योसी यांनी १९५६ मध्ये केली. त्यांचं काम जपानमधल्या गुहांवर, त्यामुळे प्रजातीचा जन्मच गुहेशी जोडलेला. पण पसारा बघितला तर जपानी बेटं, उत्तर अमेरिका, कार्पेथियन पर्वत आणि कॉकेशस अशी तुकड्यातुकड्यांची विखुरण. मधली प्रचंड भूमी मोकळी. असा तुटक आढळ दिसला की दोन शक्यता लगेच मनात येतात. एक, कधीकाळी हा गट सलग पसरलेला होता आणि हवामान बदलत गेलं तसे दमट, थंड कोपरे तेवढे उरले. दोन, हे सगळे खरोखर एकाच प्रजातीचे नाहीत, लक्षणांच्या साम्यामुळे एका नावाखाली आले आहेत. दुसरी शक्यता उगाच काढलेली नाही. टोमोसेरिडीत प्रजातींच्या सीमा खवल्यांची मांडणी, फर्कावरचे काटे, नखांजवळचे केस अशा खुणांवर ठरत आल्या आहेत, आणि खवल्यांसारखं लक्षण स्प्रिंगटेलमध्ये एकापेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे आलेलं आहे. कुलाची जागाही डीएनएच्या अभ्यासांनी हलवली: टोमोसेरिडी आणि एन्टोमोब्रायिडी वरवर सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, पण नातं तेवढं जवळचं निघालं नाही.

कॉकेशसमधले शेजारी: ई. एफ. मार्टिनोव्हा यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या प्लुटोम्युरस अबखासिकस आणि प्लुटोम्युरस केलासुरिकस. जॉर्जियातल्या गुहांतून २०११ मध्ये प्लुटोम्युरस बिर्स्टाइनी. २०१६ मध्ये जॉर्जियन, स्पॅनिश आणि अमेरिकन अभ्यासकांनी मिळून या प्रजातीतल्या जातींची लक्षणं नव्याने बांधली, आणि जॉर्जियाच्याच गुहांतून आणखी दोन जाती जोडल्या. म्हणजे ऑर्टोबालागानेन्सिस हा काही एकांड्या शिलेदाराचा मामला नाही. पश्चिम कॉकेशसच्या चुनखडीत या प्रजातीचं एक अख्खं गोत आहे आणि ज्याच्या-त्याच्या गुहा वेगळ्या.

पानावर हे आलं पाहिजे. नुसतं 'जगातली सगळ्यात खोल राहणारी स्प्रिंगटेल' म्हटलं की वाचक तिला सर्कशीतल्या प्राण्यासारखं बघतो. तिची भावंडं शेजारच्या डोंगरांत आहेत हे कळलं की प्रश्न बदलतो.

१४ फेब्रुवारी

गुहेचा इतिहास, पानावर दोन ओळींत मावेल एवढाच हवा होता. पण आढळ समजायला तो पूर्ण वाचावा लागला.

१९६० च्या दशकात जॉर्जियन शोधकांना ही गुहा माहीत झाली ती जेमतेम साठ मीटर खोलीपर्यंत. कार्स्ट प्रदेशांचे, म्हणजे पाण्याने चुनखडी विरघळून पोखरलेल्या भूभागांचे, रशियन अभ्यासक अलेक्झांडर क्रुबेर यांचं नाव तिला दिलं गेलं. १९८० च्या दशकात कीव्हच्या गुहाशोधकांनी ती साडेतीनशे मीटरच्या आसपास नेली. तोंडाशी कावळ्यांची घरटी, म्हणून त्यांच्यात व्होरोन्या (रशियनमध्ये 'कावळ्यांची') हे नाव रुळलं. मग अबखाझियातलं १९९२-९३ चं युद्ध, आणि कामाला खीळ. १९९९ मध्ये युक्रेनी पथकाला वरच्या खोल कड्यांच्या भिंतीतच, दोन-अडीचशे मीटरवर, बाजूची झरोक्यासारखी वाट सापडली आणि तिथून गुहा उलगडत गेली. जानेवारी २००१ मध्ये १,७१० मीटर, जगातली सर्वांत खोल. ऑक्टोबर २००४ मध्ये २,००० मीटरची रेषा ओलांडली. ती ओलांडणारी ही पहिली गुहा. २०१२ मध्ये गेन्नादी सामोखिन यांनी तळातल्या पाण्याने भरलेल्या बोगद्यात बुडी मारून २,१९० च्या पुढे मजल नेली. २०१७ मध्ये त्याच अराबिकातल्या व्हेर्योव्किनाने क्रुबेराला मागे टाकलं.

या तारखा जीवाच्या आढळाच्याही तारखा आहेत. २००४ च्या आधी तिथे कुणी सापळा लावू शकत नव्हतं. १९९९ मध्ये तो बाजूचा झरोका कुणाच्या नजरेला पडला नसता तर ही स्प्रिंगटेल आजही तिथेच असती आणि आपल्या लेखी नसती.

१५ फेब्रुवारी

'सगळ्यात खोल' या दाव्याची झडती.

गुहेचं तोंड समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर आहे. १,९८० मीटर खाली म्हणजे समुद्रसपाटीच्या अजून २७० मीटर वर. लोक 'पृथ्वीच्या पोटात' वगैरे लिहितात तेव्हा हे सोयीस्कर विसरतात. खोली मोजली जाते ती गुहेच्या तोंडापासून. समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि त्या जागेच्या बरोब्बर डोक्यावर किती खडक आहे त्यावरूनही नव्हे. साच्यात रकान्याचं नाव नुसतं 'खोली' आहे. ते बदलून 'प्रवेशद्वारापासून खोली' करायला सांगितलं. संपादकबाईंनी लगेच मान्य केलं, शिवाय मालिकेतल्या जुन्या पानांवरही तसंच करा म्हणाल्या. ते काम आता कुणाच्या गळ्यात पडणार ते बघू.

दुसरी झडती: 'जगातला सर्वांत खोलवरचा भूचर प्राणी' हे वाक्य जागोजागी फिरतं. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत खडकाच्या भेगांतल्या पाण्यातून २०११ मध्ये हॅलिसेफॅलोबस मेफिस्टो हा अर्ध्या मिलिमीटरचा सूत्रकृमी जाहीर झाला, १.३ किलोमीटरवरचा. त्याच अभ्यासात ३.६ किलोमीटरवरच्या पाण्यात सूत्रकृमीच्या डीएनएचा मागही मिळाला. ते जीव पाण्यातले, इथला प्राणी हवेत चालणारा. तुलना करायची तर वाक्यात अटी घालाव्या लागतात. पानावर जाईल ते असं: 'नैसर्गिक गुहेत, प्रवेशद्वारापासून १,९८० मीटर खोलीवर सापडलेला जमिनीवर चालणारा संधिपाद, वर्णन झालं तेव्हा एवढ्या खोलीवरून अशा प्राण्याची नोंद नव्हती.' वाक्य रटाळ झालंय, पण खरं आहे.

१९ फेब्रुवारी

नकाशा. अपेक्षेप्रमाणे घोडं अडलं.

आढळाची माहिती म्हणजे एक जागा: ४३.४१ उत्तर, ४०.३६ पूर्व. नकाशाकाराने कॉकेशसच्या मापात तो ठिपका टाकला तर काळ्या समुद्राच्या किनाऱ्याला चिकटलेली एक टाचणी दिसली, बाकी सगळा कागद कोरा. त्याचा फोन. "ताई, हे फारच केविलवाणं दिसतंय. निदान सगळा अराबिका फिकट रंगाने भरू का?"

"नको रे. रंग भरला की लोक धरून चालतात, तिथे सगळीकडे आहे म्हणून."

"पण असेलच ना? चुनखडीचा डोंगर आहे, आत सगळं एकमेकांना जोडलेलं."

त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. १९८४ मध्ये गुहांचे अभ्यासक अलेक्झांडर क्लिमचूक यांनी अराबिकावरच्या उंच गुहांत पाण्यात रंग सोडला. तो थेट काळ्या समुद्राच्या काठच्या रेप्रोआ आणि खोलोदनाया रेच्का या झऱ्यांत उतरला. वर दोन हजार मीटरच्या पलीकडे गडप झालेलं पाणी समुद्रकाठी बाहेर येतं, म्हणजे आतली पाण्याची वाट सलग आहे. क्रुबेरामध्ये एवढी खोली असू शकते हा विश्वास शोधकांना याच प्रयोगाने दिला. पण पाण्याची वाट सलग आहे यावरून चालणाऱ्या प्राण्याची वाटही सलग आहे असं म्हणता येत नाही. मधे पाण्याने गच्च भरलेले बोगदे येतात. स्प्रिंगटेलच्या कातडीवरच्या सूक्ष्म जाळीमुळे ती भिजत नाही, अंगाभोवती हवेचा पातळ थर धरून ठेवते, त्यामुळे पुरात वाहून गेली तरी जगू शकते. वरून खाली उतरणं एकवेळ समजतं. खालून शेजारच्या गुहेत वर चढणं वेगळी गोष्ट.

उलट बाजूने बघितलं तर ठिपकाही खोटंच सांगतो. ठिपका सांगतो, 'इथेच आहे.' खरं तर तो सांगतो, 'इथे माणसं पोचली.' त्याच डोंगरात सार्मा १,८०० मीटरच्या वर खोल, व्हेर्योव्किना क्रुबेराहून खोल, शिवाय लहानमोठ्या शेकडो विवरांची तोंडं. गुहेतल्या प्राण्यांच्या आढळाचे नकाशे हे बरेचसे मोहिमांचे नकाशे असतात, हे पानावर कुठेतरी स्पष्ट लिहायला हवं. दंतकथेसारखं नाही, साध्या टीपेसारखं.

शेवटी ठरलं ते असं. आडवा नकाशा छोटा, एक ठिपका, अराबिकाची फक्त सीमारेषा, रंग नाही. मोठी जागा उभ्या छेदाला: वर २,२५० मीटरवर गुहेचं तोंड, खाली समुद्रसपाटीची रेघ, मधे १,९८० चा ठिपका. या जीवाचा आढळ आडवा नाहीच मुळी, उभा आहे. नकाशाकार आधी कुरकुरला, छेद काढून पाठवला तेव्हा स्वतःच खूश होता.

२० फेब्रुवारी

देशाचा रकाना: जॉर्जिया; प्रदेश: अबखाझिया. आंतरराष्ट्रीय मान्यतेनुसार. प्रत्यक्ष कारभार वेगळा आहे हे खरं, पण जीवाच्या पानावर त्याचा खल नको.

२४ फेब्रुवारी

अधिवासाचा परिच्छेद. इथे दोन जुन्या विचारांची भांडणं आहेत आणि दोन्ही या जातीला लागू पडतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला विचार: गुहेतले जीव म्हणजे वरच्या जगातून हाकललेले. हवामान बिघडलं, वरची वस्ती संपली, आत शिरलेले तेवढे उरले. ऑर्टोबालागानची दरी हिमनदीने कोरलेली आहे. हिमयुगात तिथे वर बर्फ होता, माती नव्हती. मग मातीतल्या स्प्रिंगटेलना खाली सरकण्यावाचून पर्याय उरला नाही, असं म्हणणं सहज पटतं.

दुसरा विचार फ्रान्सिस हॉवर्थ यांनी हवाईच्या लाव्हाच्या गुहांवरून मांडला. तिथे हिमयुगाने कुणाला हाकललं नव्हतं; वरच्या जंगलातले नातेवाईक अजून जिवंत, तरीही आंधळे गुहावासी तयार झाले. म्हणजे आत अन्न आहे, रिकामी जागा आहे, म्हणून जीव आपणहून आत जातात. त्याच काळात फ्रान्समध्ये जुबेर्ती आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की डोंगरउताराच्या दगडगोट्यांखाली, मातीच्या थराच्या लगेच खाली, अंधाऱ्या भेगांचं एक जाळं असतं आणि 'गुहेतले' म्हणून नावाजलेले प्राणी तिथेही सापडतात. या नजरेने बघितलं तर गुहा म्हणजे भेगांच्या अवाढव्य जाळ्यातला माणसाला शिरता येईल एवढा रुंद भाग. स्प्रिंगटेलला तेवढ्या रुंदीची गरज नाही. तिच्यासाठी मिलिमीटरभर फटही राजमार्ग.

माझा कल दुसऱ्याकडे, निदान या जातीपुरता. कारण पुढे एका नोंदीत येईलच. पानावर मात्र दोन्ही विचार नावानिशी देते.

२६ फेब्रुवारी

खातात काय? बुरशी आणि कुजणारे सेंद्रिय कण. उजेड नाही, म्हणजे वनस्पती नाहीत. सगळं वरून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर आणि पुराबरोबर येतं. मोहिमांचं योगदानही धरायला हवं: एवढ्या खोल गुहेत माणसं जमिनीखाली तंबू ठोकून दिवसचे दिवस राहतात, आणि माणूस जिथे राहतो तिथे खरकटं पडतंच. हे कण जिथे साचतात तिथे बुरशी येते, आणि बुरशीमागे स्प्रिंगटेल.

संपादकबाईंनी विचारलं, बुटांना चिकटून वरून खाली गेलेली तर नसेल? रास्त शंका. पण वरून नेलेली असती तर वर मिळणाऱ्या एखाद्या डोळस जातीशी जुळली असती. वर्णन करणाऱ्यांनी प्लुटोम्युरस प्रजातीचा पूर्ण आढावा घेऊन, बाकीच्या जातींशी एकेक केस मोजून मगच हिला वेगळं नाव दिलं आहे. एका लेखात चार गटांचे आढावे, हे काम नुसत्या नव्या नावांपेक्षा मोलाचं आहे. नाव देणं सोपं. शेजाऱ्यांची हजेरी घेऊन नाव देणं कष्टाचं.

२ मार्च

चारही जातींची कुलं एकाखाली एक लिहिली तेव्हा जे दिसलं ते या सगळ्या कामातलं मला सर्वांत आवडलेलं. प्लुटोम्युरस: टोमोसेरिडी. ड्यूटेराफोरुरा: ओनिकियुरिडी. शेफेरिया: हायपोगॅस्ट्रुरिडी. अनुरिडा: नियानुरिडी. चार जाती, चार वेगळी कुलं. एकच घराणं आत शिरून त्याच्या चार शाखा झाल्या असं नाही. चार निरनिराळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने अंधार गाठला.

आणि चौघींची तऱ्हाही वेगळी. प्लुटोम्युरसचं कुल लांब शृंगिकांचं, लांब पायांचं, उडी मारणारं. ओनिकियुरिडीत बहुधा फर्काच नसतो, उडी नाही; त्याऐवजी अंगावर बारीक छिद्रांसारखी स्यूडोसेली, कुणी छेडलं की त्यातून किळसवाणा द्रव. डोळे नसणं हा या कुलाचा वंशपरंपरागत गुण, मातीतल्या जातींनाही नसतात. त्यामुळे ड्यूटेराफोरुराला गुहेसाठी डोळे गमवावे लागले असं म्हणता येत नाही. अनुरिडाचं उलट. त्या प्रजातीतली सर्वांत परिचित जाती अनुरिडा मॅरिटिमा समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहते, निळसर-करडी, आणि तिला डोळे आहेत. तिचीच बिनडोळ्यांची बहीण क्रुबेरात, खास विकसित रासायनिक संवेदकासह. एकाच 'आंधळी' या विशेषणाखाली दोन वेगळे इतिहास.

हिमयुगाने हाकललं असेल तर चौघींना एकदमच हाकललं असं मानावं लागतं. अशक्य नाही. पण ओनिकियुरिडीतली जात आधीपासूनच अंधाराला सरावलेली होती, तिला हाकलायची गरज काय?

या परिच्छेदासाठी साच्यात जागा नाही. 'इतर' मध्ये घातला.

५ मार्च

पान तपासून परत आलं. तीन खुणा. 'करडी-काळपट छटा' हे रेखाचित्राशी जुळत नाही, चित्रातली छटा गडद हवी: मैत्रिणीकडे पाठवलं. २०१६ च्या कामाची ओळ वर्गीकरणातून आढळात हलवली, बरोबरच आहे. तिसरी खूण नकाशाच्या टीपेवर. मी लिहिलं होतं: 'ठिपका नमुना गोळा झाल्याची जागा दाखवतो, वास्तव्याची सीमा नव्हे.' बाई म्हणतात, ही टीप मालिकेतल्या सगळ्याच पानांना लावा. फुलपाखरांच्या पानांनाही? त्यांना नको, तिथे शेकडो नोंदी असतात. गुहा, विवरं, खोल माती एवढ्यांना लावूया असं ठरलं.

७ मार्च

पान चढलं. उभा छेद मोबाइलवर अर्धा कापला जात होता, तो नकाशाकाराने दुपारपर्यंत सरळ करून दिला.

पुढचं पान अनुरिडा स्टेरिओओडोराटा. छेद तोच वापरायचा. मॅरिटिमाशी तुलना सुरुवातीलाच घ्यायची, शेवटी नाही. आधी बिनडोळ्यांच्या अनुरिडा जातींची यादी काढते. नकाशाला हात त्यानंतर.